अडतिसावं नाव

पुराच्या दिवशी खुर्चीनं सरकारी बोट पंचवीस मिनिटं एका कुलूपबंद घरापुढे थांबवली, ती एका बाईसाठी, अशी कुजबुज आमच्या प्रभागात बरेच दिवस चालली होती. त्या घरात त्यानं कुणालातरी ठेवलं होतं म्हणे. बाई कापडदुकानात कामाला होती, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणे, छे, शाळेत शिकवायची. साडीचा रंगसुद्धा लोकांना पाठ होता. ही गोष्ट मीही चार जणांना सांगितली आणि तिच्यात दोन वाक्यं पदरची घातली, खोटं कशाला बोलू.

खुर्ची म्हणजे आमचा नगरसेवक. नगरसेवक व्हायच्या आधीपासून त्याचं नाव खुर्चीच होतं, कारण धंदा वेताच्या खुर्च्या विणण्याचा. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की त्याला बाहेर यावं लागे. दातांत वेताचं टोक धरून बोलायची सवय, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तो रागावूनच सांगतोय असं वाटायचं. पुढे भाषणं करायला लागला तेव्हा तोंडात वेत नसायचा, पण सूर तोच राहिला.

आई लहानपणीच गेली. मावशीनं वाढवलं. मावशी दवाखान्यात आया होती. शेकडो माणसं उचलून, पुसून, वळवून तिच्या जिभेवरचा संकोच पार निघून गेला होता. म्हातारपणी ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि कायमची पलंगाला लागली. तिला दवाखान्यात न्यायला खुर्चीनं एक खास खुर्ची केली. वेताची बैठक, हातांखालून दोन लांब बांबू, पुढे एक माणूस, मागे एक. जिन्याच्या वळणावर अडकायची नाही, इतकी मापात.

ती खुर्ची तेव्हाच्या नगरसेवकाच्या नजरेत भरली. मतदानाच्या दिवशी चालता न येणाऱ्यांना उचलून केंद्रावर न्यायचं काम त्यानं खुर्चीवर सोपवलं. तीन निवडणुका खुर्चीनं हेच केलं. एका लांबट वहीत त्यानं यादी केली होती. नाव, घर, पायऱ्या किती, माणूस हलका की जड, घेरी येते का, उचलताना शिव्या देतो का. शेवटच्या रकान्यात लाल पेन्सिलीची खूण. खूण असली तर माणूस आपला. ज्यांचं मत समोरच्याला जाणार, त्यांचं नाव खोडलेलं. परक्याला कोण चार जिने उचलून आणील?

चौथ्या निवडणुकीला तो स्वतःच उभा राहिला. समोर पंपवाला. हा पाण्याच्या मोटारी आणि इंजिनं दुरुस्त करायचा. अंगाला सदा ग्रीसचा वास आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू तुमची मोटार जळणार हे त्याला कालच कळलंय.

मतदानाच्या दिवशी सगळ्यात आधी मावशी. खुर्चीनं स्वतः मागचे बांबू धरले. औषधांच्या दुकानापर्यंत आले असतील, मावशी मोठ्यानं म्हणाली, "ऐक रे, मी बटण पंपवाल्याचं दाबणार आहे. मागून म्हणू नकोस सांगितलं नाही."

पुढचा बांबूवाला फिसकन हसला.

"मावशे, थट्टा पुरे. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. त्यानं माझ्या नळाची मोटार एका हाकेत दुरुस्त केली. तू चार वर्षं म्हणतोयस, पलंगाची कापडी पट्टी बदलतो. पाठीला बघ कसे वळ उठलेत. स्वतःच्या मावशीची पट्टी होत नाही, आणि निघाला प्रभागाचे रस्ते करायला."

आता औषधांच्या दुकानापुढची सगळी रांगच हसली. औषधवाला तर काउंटरवर वाकून हसत होता. खुर्चीनं बांबू खाली ठेवले. पुढच्यानंही ठेवले. रस्त्याच्या मध्यात, भर उन्हात मावशीला खुर्चीसकट सोडून तो केंद्राकडे निघून गेला.

दीड तास ती तिथं बसून होती. रिक्षा तिला वळसा घालून जात होत्या. मी जाता जाता विचारलं, "मावशी, कुणाची वाट बघताय?"

"तुझ्या अकलेची," म्हणाली. "साठ वर्षं झाली, अजून आली नाही."

शेवटी पंपवाल्याची माणसं आली आणि खुर्चीच्याच खुर्चीतून तिला केंद्रावर घेऊन गेली. मत दिलं, घरी पोचवली. संध्याकाळी खुर्चीनं वही काढली आणि तिचं नाव खोडलं. एकदा नाही, तीनदा, कागद फाटेपर्यंत.

अकरा मतांनी खुर्ची निवडून आला. खोटं मतदान झालं म्हणून पंपवाल्यानं कोर्टात केस टाकली आणि तारखा पडत राहिल्या.

दोन वर्षांनी नगरपालिकेत एक नवा अधिकारी आला. अग्निशमनातला माणूस, तरुण, कामाचा. नदी वर्षागणिक चढतेय, तेव्हा तयारी हवी, म्हणून त्यानं सगळ्या नगरसेवकांना बोलावलं. बोटी कुठं लागतील, लोकांनी कुठं जमायचं, पाणी वाढलं की कर्णा लावून कोण फिरणार, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. मग म्हणाला, "प्रत्येक प्रभागातून चालता न येणाऱ्या माणसांची यादी हवी. बोट आली की शोधायला वेळ नसतो. यादी असेल तर माणूस वाचतो."

एकानं विचारलं, चहा कधी येणार? दुसऱ्यानं विचारलं, पूर आमच्या मुदतीत येईल की पुढच्या? बाकीचे मोबाईल बघत होते. खुर्ची मात्र उठला आणि तासाभरात यादी घेऊन परत आला. नावं, पायऱ्या, वजन, घेरी, सगळं होतं. अधिकारी बघतच राहिला.

खुर्चीनं काय केलं होतं? मतदानाच्या वहीतली खोडलेली नावं आणि लाल खुणांचा रकाना कागदाच्या पट्ट्यांनी झाकला आणि झेरॉक्स काढली. अडतीस नावं. प्रभागात पलंगाला खिळलेली माणसं होती बासष्ट. झेरॉक्स त्यानं नगरपालिकेच्या फॉर्मला जोडली. फॉर्मच्या तळाशी छापील ओळ होती : या यादीखेरीज प्रभागात स्वतः चालू न शकणारी कोणीही व्यक्ती नाही. तिच्याखाली त्यानं झोकात सही ठोकली.

महिन्याभरात त्याला 'सज्ज प्रभाग' असं प्रमाणपत्र मिळालं. काचेत घालून त्यानं ते दुकानात लावलं, वेताच्या भेंडोळ्यांच्या वर.

बायकोनं यादीची प्रत वाचली. "अहो, यात मावशी कुठायत?"

"तिनं मागावं. एकदा तोंडानं म्हणू दे, माझं नाव घाल. उभ्या उभ्या घालतो."

"पूर काय त्यांच्या म्हणण्याची वाट बघणारे?"

"मी बघतोय ना."

बायको मागच्या गल्लीत, एकट्या राहणाऱ्या मावशीकडे गेली. "मावशी, एकदा म्हणा की त्यांना. तुमचं काय जातंय?"

मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "भर रस्त्यात टाकून गेला, तेव्हा माझं काय गेलं ते विचार त्याला. ज्याला मी बोट धरून चालवलं, त्याच्यापुढे आता हात जोडू? सांग त्याला, मला उचलायला पंपवाला समर्थ आहे." एवढं बोलून तिनं पाठ खाजवून मागितली.

बायकोनं निरोप जसाच्या तसा पोचवला. इथंच ती चुकली. थोडा गोड करून सांगितला असता, तर पुढचं सांगायला मी बसलो नसतो.

निवडणुकीनंतर तिसऱ्या वर्षी पूर आला. सकाळी सातला कर्णा फिरला : वरच्या धरणाची दारं उघडलीत, शाळेत जमा. ज्यांना पाय होते ते गेले. यादीबाहेरच्यांपैकी ज्यांच्या घरी माणसं होती, त्यांना घरच्यांनी पाठुंगळीला नेलं. मावशीच्या शेजारीणबाईंनी तिच्या दारातून डोकावून सांगितलं, "मावशी, घाबरू नका हं. तुमचा भाचाच नगरसेवक, यादीत पहिलं नाव तुमचंच असेल," आणि गाठोडी घेऊन त्या निघाल्या. जाताना पाणी आत येऊ नये म्हणून बिचारीनं दार घट्ट ओढून घेतलं.

दहाला बाहेरगावाहून बचावाचं पथक आलं. पथकप्रमुख कमी बोलणारा, गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली यादी. पुढे वाट दाखवायला खुर्ची, सोबत त्याची ती बांबूंची खुर्ची. मागे इंजिनापाशी पंपवाला, कारण बोटीचं इंजिन दर दहा मिनिटांनी बंद पडत होतं आणि ते चालू करणारा हात आमच्याकडे एकच होता.

त्या दिवशी खुर्चीनं केलं ते काम कुणाला जमलं नसतं, हेही सांगून ठेवतो. कुठला जिना कुठं वळतो, कुणाला डावीकडून उचललं की कळ येते, त्याला सगळं तोंडपाठ. दुपारी चारपर्यंत सदतीस माणसं शाळेत पोचली. एकाचाही पाय बोटीच्या कडेला घासला नाही.

अडतिसाव्या नावासाठी बोट मागच्या गल्लीत शिरली. वाटेत मावशीची खिडकी. पाणी खिडकीच्या खालच्या गजाला लागलं होतं. आत पलंगावर मावशी कोपरांवर टेकून बसलेली, गादी भिजून काळी झालेली.

"आलास?" ती म्हणाली. "मतदान आहे का आज?"

खुर्ची पथकप्रमुखाला म्हणाला, "साहेब, आधी इथं. ही माझी मावशी. चालता येत नाही हिला."

प्रमुखानं यादी वर-खाली बघितली. "यादीत नाही."

"राहिलं असेल."

"सही तुमचीच ना? यादीबाहेर कोणी नाही, असं लिहून दिलंय तुम्ही." त्यानं दाराकडे बघितलं. "दार पाण्यानं दाबलंय. तोडायला दहा मिनिटं लागतील. यादीतला माणूस पुढे सहा घरांवर आहे, तळमजला, जड, घेरी येते. तोही बुडतोय. एकच राहिलाय, तो घेऊ आणि लगेच इथं."

हिशेब बरोबर होता. यादी खरी असती, तर अगदी बरोबर होता.

मावशी खिडकीतून खुर्चीकडे एकटक बघत होती. मग जे तिनं तीन वर्षं केलं नव्हतं ते केलं.

"घाल रे माझं नाव," म्हणाली. "मागते मी."

"आत्ता येतो, मावशे. हा गेलो आणि हा आलो."

सहा घरं पुढे बोट थांबली. दाराला बाहेरून कुलूप. प्रमुख चिडला. "चालता न येणाऱ्या म्हाताऱ्याला कोंडून गेले घरचे? काय माणसं आहेत!" त्यानं खुर्चीला विचारलं, "नक्की आत आहे ना? की कुठं गेलाय?"

खुर्चीनं मागे बघितलं. पंपवाला इंजिनाच्या दोरीवर हात ठेवून त्याच्याकडेच बघत होता. हसत नव्हता.

"आतच असेल," खुर्ची म्हणाला.

कुलूप तोडलं. दार मोडलं. पथकातले दोघं आत उतरले, छातीभर पाण्यात एकेक खोली चाचपडली, माळा बघितला, पलंगाखाली बुड्या मारल्या. हाका मारल्या. खुर्ची बोटीत बसून बांबूंच्या टोकांवर मुठी आवळत होता. मागून एकदा मावशीची हाक आली. नंतर आणखी एक. तिसरी आली नाही. "साहेब, चला," तो म्हणाला. प्रमुख ओरडला, "माणूस सापडल्याशिवाय कसं चला?" पंचवीस मिनिटं गेली.

बोट परत आली तेव्हा खिडकी अर्धी बुडाली होती. दार तोडलं. पलंग तरंगून भिंतीला लागला होता. त्याची सैल पट्टी सुटून मावशीच्या हाताला गुंडाळली होती. तिला बोटीत घेतलं. खुर्चीनं आणलेल्या खुर्चीत तिला आता बसवता येईना, म्हणून आडवी ठेवली.

प्रमुखानं पेन काढलं. "नाव?"

खुर्चीनं सांगितलं.

"वय?"

ते त्याला माहीत नव्हतं. पंपवाल्यालाही नव्हतं. प्रमुखानं अडतिसाव्या ओळीखाली एकोणचाळीस आकडा घातला, नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं : यादीबाहेर.

पुढच्या निवडणुकीत खुर्ची साडेतीनशे मतांनी निवडून आला. सदतीस घरं त्याला कधी विसरली नाहीत. पंपवाल्यानं केस मागे घेतली, का ते तेव्हा कुणाला कळलं नाही. आणि आम्ही सगळे बसलो त्या बंद घरातल्या बाईची साडी रंगवत.

मग एक दिवस त्या घरमालकाची मुलगी घर विकायला आली. सोबत बापाच्या मृत्यूचा दाखला होता.

त्या घरात कोणतीही बाई नव्हती. अडतिसाव्या नावाचा माणूस त्या अकरा मतांच्या निवडणुकीच्या वर्षभर आधी, परगावी, मुलीकडे वारला होता. त्याचं मत खुर्चीनं दुसऱ्याच म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून टाकून घेतलं होतं, आणि तो त्याच घरात जिवंत आहे असं कोर्टात शपथेवर लिहून दिलं होतं. पंपवाल्याला हे ठाऊक होतं, त्यानंच ते नंतर मला सांगितलं. खुर्चीनं ते साक्षीदारासमोर स्वतःच्या तोंडानं बोलावं म्हणून तो बोटीत गप्प बसला होता. खुर्ची बोलला नाही. त्या पंचवीस मिनिटांत मावशी बुडाली.