आशाबाईचे तीन अर्ज

आशाबाईला कुणी पाणी दिलं, की ती पेला आधी नाकाशी न्यायची. लपूनछपून नाही, देणाऱ्याच्या समोर. डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायची, मग पेला उजेडाकडे धरायची आणि पटलं तरच प्यायची. नाही पटलं तर पेला खाली ठेवून विचारायची, "कवा भरलं हे पानी?" आमच्याकडे पाहुण्यानं पाणी नाकारणं म्हणजे घराला शिवी दिल्यासारखं. बायका तिच्या माघारी म्हणत, "पाय बाप्पा, मोठी कलेक्टरीन! आमच्या घरचं पानी हुंगते." पोट्ट्यांनी तिचं नाव वासबाई ठेवलं होतं. तिच्या कानावर ते होतं. एकदा एका पोट्ट्याला थांबवून तिनं त्याची नखं पाहिली आणि म्हणाली, "वासबाई म्हन, काय बी म्हन, पन हात धुऊन जेवत जा रे बावा."

आमचं गाव रिसोड तालुक्यातलं. केनवडचा बाजार जवळचा. ती गावची आशा कार्यकर्ती. घरोघर फिरून बाळंतिणींची, लसींची, तापाची, हगवणीची नोंद ठेवायची, गोळ्या द्यायची, पाण्याचे नमुने घ्यायची. राहायला भीमनगरात, म्हणजे बौद्ध वस्तीत. खरं नाव मतदार यादीत होतं, बाकी सगळ्यांना ती आशाबाईच. मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक होतो आणि आजही आहे. दाखले काढणं, ठराव टाइप करणं, आलेल्या कागदाची आवक रजिस्टरमध्ये नोंद करून त्यावर शिक्का मारणं, ही माझी कामं. यातलं शेवटचं काम मी तीनदा केलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

तिला लाज नावाची गोष्ट नव्हती. लग्नाच्या मांडवात, पारावर, बसमध्ये, माणूस दिसला की तिचा पहिला प्रश्न, "पोट कसं हाये? किती खेपा झाल्या?" एकदा ग्रामसभेत सरपंच विकासावर बोलत असताना तोंड कोरडं पडलेलं पाहून तिनं मधूनच विचारलं, "सरपंच साहेब, सकाळपासून किती डाव गेलते?" सगळी सभा हसली. सरपंच लाल झाले, पण खाली बसल्यावर तिनं पुढे केलेली जुलाबावरची पुडी त्यांनी खिशात घातली, हे मी पाहिलं.

माझी मुलगी वर्षाची असताना तिला जुलाब लागले. दुपारपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना. माझी बायको घाबरून नुसती देवाजवळ बसली होती. आशाबाई आली, पोरीला मांडीवर घेतलं आणि चमचा चमचा मीठ-साखरेचं पाणी पाजायला लागली. पोरगी ओकायची, ही तोंड पुसून, दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा लावायची. "ओकू दे. जेवढं भायेर जाते त्याच्याहून जास्त आत टाकाचं. भिऊन चमचा बंद करजो नको," असं बायकोला सांगत होती. दुपारची आलेली ती दिवेलागणीला उठली, पोरीनं मूतलं तेव्हा. "झालं. आता जगली," म्हणाली आणि लुगड्यावरचे डाग तसेच घेऊन घरी गेली. आमच्या घरी तिनं त्या दिवशी काही खाल्लं होतं की नाही, हे आम्ही विचारलंही नाही.

वरच्या आळीत, म्हणजे आमच्याच आळीत, काही घरं अशी होती की ती दिलेली गोळी गिळायची, पण तिला माठाला हात लावू द्यायची नाहीत. क्लोरीनचे थेंब टाकायचे तर ती उंबऱ्याबाहेर उभी राहून बाटली पुढे करायची आणि म्हातारी आतून टाकायची. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्हाला राग येत नाही?" ती म्हणाली, "येते ना. काहून नाई येनार? पन राग घेऊन घरी गेली त लेकरं त्याच पान्यात मरतीन. थेंब पडल्याशी मतलब. राग मी घरी जाऊन भांड्यायवर काढतो." हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

आता व्हॉल्व्हच्या खड्ड्याचं सांगतो. विहिरीवरून भीमनगराकडे जाणाऱ्या नळाच्या लाइनवर रस्त्याच्या कडेला एक खड्डा होता. त्यात पाणी चालू-बंद करायचा व्हॉल्व्ह. सरपंचांच्या चुलत भावानं घरापुढे ओटा बांधला आणि तो थेट नालीवर आला. नाली तुंबली, सांडपाणी खड्ड्यात साचायला लागलं. पाइप तिथे जुना, सांध्याला गळका. पाणी सोडलेलं असलं की पाइपातून बाहेर गळायचं. बंद झालं की खड्ड्यातलं घाण पाणी उलट आत ओढलं जायचं. हे सगळं मला आशाबाईनं समजावून सांगितलं. इंजिनिअर नव्हती, दहावी शिकलेली होती. पण नमुन्याच्या छोट्या बाटल्या तिच्याकडे असत; घाण पाणी भरून दोन दिवस ठेवलं की बाटली काळी पडते. भीमनगरातल्या नळाची काळीकुट्ट बाटली तिनं माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि शेजारी एक अर्ज ठेवला.

"शिक्का मार भाऊ. नोंद घे."

"सरपंच साहेब आले की मारतो, काकू."

संध्याकाळी सरपंचांनी अर्ज वाचला. ओटा तोडावा लागेल, हे त्यांना दुसऱ्या ओळीतच कळलं. म्हणाले, "ठेव तुह्याजवळ. शिक्का मारू नको. शिक्का मारला का उत्तर द्यावं लागते." मी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. बाटली शिपायानं उकिरड्यावर फेकली. माझी नेमणूक त्यांच्या मर्जीवर होती, हे खरं आहे. पण त्या क्षणी मला कसली भीती वाटली, असंही नाही. एक कागद ड्रॉवरमध्ये ठेवायला भीती लागत नाही.

दुसरा अर्ज पहिल्याहून छोटा होता. तिसरा तर दोनच ओळींचा: खड्ड्यातलं पाणी पिण्याच्या पाण्यात जात आहे, पोळ्याआधी दुरुस्ती करावी, नाहीतर लेकरं आजारी पडतील. गोल, शाळकरी अक्षर, खाली मोठी सही. प्रत्येक वेळी तिनं शिक्का मागितला, प्रत्येक वेळी मी "मारतो ना" म्हणालो आणि प्रत्येक वेळी तिनं विश्वास ठेवला. ज्या माणसाची पोरगी आपण मांडीवर घेऊन वाचवली, तो शिक्क्यापुरतं खोटं बोलेल, असं तिच्या डोक्यात आलं नसावं.

अर्ज देऊन ती स्वस्थ बसली नाही. रोज सकाळी बादली घेऊन यायची आणि खड्डा उपसायची, पाइप उघडा पडेपर्यंत. नवरा मजुरीला जायच्या आधी तिला हात द्यायचा. पंचायतीच्या खिडकीतून मला ती दिसायची, वाकलेली, पदर कमरेला खोचलेला. सरपंचांचा चुलत भाऊ ओट्यावर बसून चहा पीत ते बघायचा. एकदा म्हणाला, "आशाबाई, पंचायतीनं तुले सफाईचं बी काम देल्लं का?" ती वर न पाहता म्हणाली, "तुमी बसा आरामात. तुमच्या ओट्याचीच सेवा करून राह्यली मी."

पोळ्यानंतरच्या आठवड्यात तिला तालुक्याला प्रशिक्षणाला बोलावलं. तीन दिवस. जाताना ती पंचायतीत आली, म्हणाली, "भाऊ, घरधनी बी मजुरीले भायेरगावी गेला. तीन दिस खड्डा कोनाकडून उपसून घेजो. इसरू नको." मी मान हलवली. कुणाला सांगितलं नाही. विसरलो असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. उगाच सरपंचांच्या नजरेत यायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून भीमनगरात उलट्या-जुलाब सुरू झाले. लाइनीच्या टोकाची वस्ती, सगळी घाण तिकडे. दुपारपर्यंत मधल्या आळीतही माणसं पडली. शाळेत पोरांच्या चटया टाकल्या, खिडकीच्या गजांना सलाइनच्या बाटल्या टांगल्या. आशाबाई संध्याकाळच्या गाडीनं उतरली ती सरळ शाळेत. तोवर कांताबाईची आरती गेली होती. तिसरीतली पोरगी. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून दवाखान्यात नेत होते, वाटेतच मान टाकली. मधल्या आळीतला एक म्हाताराही गेला.

कांताबाई आशाबाईच्या घरापासून चार घरं सोडून राहायची, मजुरीनं वावरात जाणारी. तिनं शाळेच्या पायरीवर सगळ्या गावादेखत आशाबाईला धरलं. "माही पोरगी मरून राह्यली होती तवा तू कुठी होती वं? गावाले हात धुवाले शिकवते, अन् मरनाच्या वक्ताले गायब! तुये पाय माह्या दारात पडू देजो नको!" आशाबाई पायरी चढून आत गेली आणि पहिल्या चटईशी बसली. त्या रात्रीपासून पाच दिवस ती शाळेतच होती; सलाइन बदलणं, घाण काढणं, चमच्यानं पाजणं. घरी गेली ती सगळे उठून बसल्यावर.

चौकशीला तालुक्याहून साहेब आले. पंचायतीतच टेबल लावलं. आशानं दूषित पाण्याची पूर्वसूचना का दिली नाही, असा प्रश्न होता.

"तीन अर्ज देल्ले साहेब," ती म्हणाली.

"पोच आहे?"

"पोच नाई. पन यायच्या हातात देल्ले. यायले इचारा." तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. चेहऱ्यावर काळजी नव्हती. आता सांगतील हे, अशी ती उभी होती.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सरपंच शेजारीच होते. अर्ज माझ्या पोटाशी, ड्रॉवरमध्ये होते. मी रजिस्टर उघडलं, एक पान उलटलं आणि म्हणालो, "आवकमध्ये नोंद नाही, साहेब."

वाक्य खरं होतं. त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात दुसरं काही बोललेलो नाही.

तिला कामावरून काढलं. कारण, कामात हलगर्जी. पत्र मीच छापून दिलं. पुढच्या आठवड्यात ओटा गुपचूप तोडला, खड्डा सिमेंटनं बांधला, पाइप नवा टाकला. एका दिवसाचं काम निघालं. मग गावानं स्वच्छतेचा बोर्ड लावला, फोटो काढले. नवीन आशा सरपंचांच्या नात्यातली आली. बिचारी वाईट नाही, पण दिलेलं पाणी हुंगत नाही.

आशाबाई नवऱ्याला घेऊन वाशीमला गेली, मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. दोन वर्षांनी मी कामानिमित्त वाशीमला गेलो तेव्हा पत्ता काढून तिथे गेलो. ती मेथी निवडत बसली होती. माझ्या मुलीची चौकशी केली, कितवीत गेली, जेवते का नीट. मग मी सगळं सांगितलं. ड्रॉवर, शिक्का, सरपंच, सगळं. तिचे हात थांबले नाहीत.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "रजिस्टर न वाचताच तू नोंद नाई म्हनला. तवाच समजलं."

"माझं चुकलं, काकू."

"मले कायले सांगतं? माही त नुसती नोकरी गेली. कांताले सांग. चार वर्सं एका ताटात जेवलो आमी दोघी. ते मले पोरीचा काळ समजते. माह्यासाठी नाई म्हनत. पोरगी कायनं मेली, हे मायले माहीत पायजे का नाई?"

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. पंचायतीतून भीमनगर दिसतं. कांताबाई रेशनच्या कामाला टेबलासमोर येऊन उभी राहायची, मी तिचा अंगठा घ्यायचो. आज नको, निवडणूक होऊ दे. आज नको, गर्दी आहे. दीड वर्ष असं गेलं.

मग आशाबाई गेली. किडनीचा आजार होता म्हणे, कुणाला कळवलं नव्हतं. तिला गावात आणलं. वरच्या आळीतून माणसं आली, माठाला हात न लावू देणारी घरंसुद्धा आली. माजी सरपंच नदीवर चार शब्द बोलले: गावाच्या आरोग्यासाठी झिजलेली माउली. चौकातल्या श्रद्धांजलीच्या बोर्डाचा मजकूर मीच टाइप केला. सगळं भीमनगर तिच्या मागे गेलं. कांताबाईच्या घराचं दार तेवढं लावलेलं होतं. जाताना सगळ्यांनी ते पाहिलं.

दोन आठवड्यांच्या आत मी तीनही अर्ज घेऊन कांताबाईकडे गेलो. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवले. खड्डा, ओटा, प्रशिक्षणाला जाताना तिनं मला काय बजावलं होतं, तेही सांगितलं. ती दारात बसून ऐकत होती, तोंडाला पदर लावून. मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं तिसरा अर्ज माझ्या हातातून घेतला. उलटा धरला होता. बराच वेळ त्या सहीवरून बोट फिरवत राहिली.

"साऱ्या भीमनगरातून मी एकटी तिच्या मातीले गेली नाई," ती म्हणाली. "एकटी."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"मंग आता कायले आला तू?"