पेरूवरचा भारद्वाज

ब्रिस्टलच्या आमच्या हॉस्पिटलात एक्स-रेच्या फिल्म्स सांभाळणारा तो इंग्रज क्लार्क प्रत्येक वाक्याला 'परहॅप्स' जोडायचा. दर जानेवारीत तो पक्षी बघायला श्रीलंकेला जायचा. एकाच बॅगेत छत्री, हाफ पँट आणि लोकरी स्वेटर.

"एका बेटासाठी एवढं?" मी विचारलं.

"किनाऱ्यावर घाम, डोंगरात थंडी, मध्ये कुठेही पाऊस, डॉक्टर. परहॅप्स."

एकदा त्याने वहीत काढलेलं चित्र दाखवलं. काळं अंग, विटकरी पंख, लाल डोळा. भारद्वाज! तो दिसला की दिवस चांगला जातो, असं आई म्हणायची.

"हा तर साताऱ्याला आमच्या परसात रोज यायचा, पेरूवर," मी तोऱ्यात सांगितलं.

"रोज? किती वाजता? आवाज कसा?"

मी घाईने फिल्मचं पाकीट उचललं. त्याने माझं वाक्य वहीत नीट लिहून घेतलं आणि पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. मला रागच आला.

रविवारी आईला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, आपल्या परसात पेरू कुठे होता?"

सोमवारी फिल्म घ्यायला गेले, तेव्हा त्याने नुसत्या भुवया उंचावल्या.

"परहॅप्स," मी म्हटलं.

पण डोळे मिटले की भारद्वाज मला अजून दिसतो, आणि पेरूवरच.