आमचा पेन वाहून गेला

खरं सांगू का, देव आपलं ऐकते यावर माया कधी भरोसा नव्हता. आई महाशिवरात्रीले मार्कंड्याच्या महादेवाले जाते, तवा गाडी मी चालवते, एवढाच माया देवधर्म. हात जोडाचे, घंटा वाजवाची अन् बाहेर येऊन भजे खाचे. बाकी हात जोडताना नेहमी असंच वाटे का फोन तर लागला, पण समोरून कोणी हॅलोच म्हणून नाई राह्यलं. त्यातून मागच्या पावसाळ्यात जे झालं ते कोणाले सांगाले गेली का आधी मलेच हसू फुटते, मंग डोळे भरून येतात अन् गोष्ट अर्धीच राहते. म्हणून आज बसून पूर्ण लिहूनच टाकते.

झालं असं का ऑगस्टात जोडून सुट्ट्या आल्या अन् आमच्या बाबाच्या मनात भामरागडचा संगम पाह्याचं आलं. नागभीडमधे ज्यानं ऐकलं तो म्हणे, अहो, पावसात तिकडचे रस्ते बंद होतात, दिवाळीनंतर जा ना. बाबा म्हणे, "दिवाळीनंतर का गोटे पाह्याले जाऊ? नदी भरलेलीच पाह्याची असते. अन् रस्ता बंद झाला तर राहू तिथीच, सुट्टीच तर आहे!" आई म्हणे, "तुमची जीभ काळी आहे, गप राहा." मी म्हटलं चला! तर आम्ही तिघं निघालो, माया लहान्या गाडीत, डब्यात पुऱ्या घेऊन. आणखी एक वस्तू होती. बाबाले शुगर आहे, तीही साधी नाई, इन्सुलिनशिवाय चालतच नाई. त्याचा तो इंजेक्शनचा पेन, एक जास्तीचा पेन अन् सुया, सगळं एका तोंडमोठ्या थर्मासात, बर्फाच्या पाण्यात डबीत घालून. थर्मास माया ताब्यात.

संगम काय दिसला म्हणून सांगू! पर्लकोटा, पामुलगौतमी अन् इंद्रावती, तीन नद्या, तिघींचं पाणी मातकट, तरी प्रत्येकीचा रंग वेगळा. बाबा तर लेकरासारखे टाळ्या वाजवून राह्यले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघालो अन् आभाळच फाटलं. वाटेत एक नाला लागला, त्याच्यावर रपटा, म्हणजे तो बुटका पूल. पाणी नुसतं चाटून जाऊन राह्यलं होतं. मले वाटलं निघून जाईल गाडी. मधात गेली अन् बंद पडली, अन् पाणी पाहता पाहता दाराशी आलं. जवळच्या गावातले माडिया लोक धावत आले, दोर बांधला, आईबाबाले हात धरून काढलं, गाडी मागं ओढली. मी शेवटी उतरली, काठाच्या पाण्यातच, थर्मासचा पट्टा खांद्यावर. पाय घसरला, पट्टा तुटला, अन् थर्मास असा डुलत डुलत गेला जसा त्याचाच सुट्टीचा दिवस होता.

दवाखाना नाल्याच्या पल्याड. मागचा रस्ता तोवर दुसऱ्या नाल्यानं कापलेला. फोनले रेंज नाई. मी काठावर उभी राहून मोठमोठ्यानं रडाले लागली. तिथी जुरीबाई आली. पन्नाशीची असंल, गावात मराठी बोलणारी तीच एक. आता इथी एक गोष्ट सांगून टाकते, जी मले दुसऱ्या दिवशी समजली: माडिया बोलीत पेन म्हणजे देव. आता ऐका आमचं बोलणं.

"काऊन रडून राह्यली बाई? सगळे तर वाचले."

"बाबाचा पेन वाहून गेला! तो नाई भेटला तर बाबा वाचत नाई!"

तिचा चेहराच उतरला. "तुमचा पेन? घरचा?"

"हो, घरचाच. बाबाले रोज लागते, सकाळ-सायंकाळ."

"कशात बसला होता?"

"निळ्या थर्मासात. थंड जागा लागते त्याले. घरी फ्रिजमधे ठेवतो आम्ही."

"फ्रिजमंधी," ती हळूच म्हणे. मंग बराच विचार करून विचारलं, "एकटाच का?"

"नाई, दोन होते. अन् सुया."

तिनं मान डोलवली. ज्याचा देव त्याले मालूम, असं तिच्या मनात आलं असंल. ती वळली अन् गावाकडं तोंड करून जोरात ओरडली. मले त्यातलं एकच समजलं, "पेन, पेन." अन् काय सांगू, एका मिनिटात सगळं गाव बाहेर! बाया, म्हातारे, सगळे. मले वाटलं, किती चांगले लोक आहेत, एका इंजेक्शनसाठी एवढं! त्यांचा पेरमा, म्हणजे गावचा पुजारी, नाल्याशी उभा राहून डोळे मिटून काहीतरी बोलला. मंग काठाकाठानं लोक निघाले, एकही जण चप्पल घालून नाई. मी म्हटलं चिखल आहे म्हणून असंल.

अंधार पडोस्तर नाई भेटला. आम्हाले गोटुलात, गावाच्या बैठकीच्या घरात, जागा दिली. तांदळाची गरम पेज आणली. इन्सुलिनशिवाय खाल्लं का शुगर चढते, म्हणून बाबानं हात नाई लावला. वरतून गंमत करून राह्यले होते, "आईचा सोमवार राहते, माया आज मंगळवार." सकाळी मात्र गंमत बंद झाली. तोंड कोरडं, नुसतं पाणी पाणी करत, अन् बोलता बोलता डोळा लागे. आई त्यांचे पाय चोळत "महादेवा, महादेवा" म्हणत होती. मी रेंजसाठी टेकडीवर धावली, खाली आली, नाला पाह्यला, परत टेकडीवर. तिसऱ्या खेपेले पायच उचलेना. तिथीच एका मोहाच्या झाडाखाली बसली अन् म्हटलं, मार्कंड्या, मले काय बोलाचं तेही सुचून नाई राह्यलं. आता तूच पाहा. बस, एवढंच. काही चमकलं नाई, काही नाई. फक्त धावाचं थांबलं, अन् छातीत जो गोळा होता तो खाली बसला.

अन् खालून ढोल वाजला.

मी उतरून पाह्यलं तर नाल्याकडून वरात येऊन राह्यली! पुढं ढोल, मधात पेरमा, दोन्ही हातावर नवं कापड अन् त्यावर आमचा निळा थर्मास. पाणी उतरल्यावर खालच्या वळणावर बांबूच्या बेटात अडकलेला सापडला होता. बायांनी त्याच्यावर तांदूळ टाकले, पानावर बसवला. पेरमा माया बाबाले म्हणे, अन् जुरीबाईनं मराठीत सांगतलं, "तुमचा पेन, तुम्हीच उघडा." बाबाले झाकण फिरेना, म्हणून मी उघडला. पाणी अजून गार होतं! डबी काढली, डबीतून पेन काढला, सुई बसवली. अन् साऱ्या गावासमोर बाबानं सदरा वर करून पोटात टोचला.

मंग पेरमानं काहीतरी विचारलं. जुरीबाई म्हणे, "विचारून राह्यला, हा खाते काय?"

"कोण?"

"हाच. तुमचा पेन. तुमचा देव."

मी तिच्याकडं पाह्यलं, तिनं मायाकडं. कालचं सगळं बोलणं, फ्रिजसकट, दोघींच्या डोक्यात एकदमच उलगडलं. ती जी हसाले लागली ती खालीच बसली! तिनं सांगतलं तसं सारं गाव हसलं, पोट धरधरून. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडून म्हटलं, चुकलं, माफ करा, तुम्ही देव समजून पाण्यात उतरले अन् हे औषध निघालं.

पेरमा काही चिडला नाई. अर्ध्या तासानं बाबा पेज प्याले लागले, तो त्यांच्याकडं पाहत होता. म्हणे, "आमच्या पेनले मी कोंबडा बोललो होतो, पाहुण्याचा पेन परत आण म्हणून. त्यानं आणला. आता कोंबडा तर द्यावाच लागते." आई पुटपुटली, आज तर श्रावणाचा दिवस आहे. तर जुरीबाई म्हणे, "तुमी नका खाऊ ना बाई. आमाले कोणता श्रावण!" मंग पुन्हा हसणं.

पुढच्या दिवशी रस्ता मोकळा झाला. गाडीही खोकत खोकत चालू झाली.

घरी येऊन मी किती वेळा विचार केला. मी औषध मागितलं होतं, त्यांनी देव शोधला. मी जे बोलली ते त्यांना समजलंच नाई, अन् जे पाहिजे होतं ते मात्र पुरं समजलं. मार्कंड्याचं काम होतं का त्यांच्या पेनचं, मले नाई मालूम, अन् दोघांत भांडण लावणारी मी कोण? त्या गावाचे उपकार माया जन्मात फिटणार नाईत. एवढं मात्र झालं, आता मी हात जोडते तवा शब्द जुळवत बसत नाई. मले बरोबर सांगता नाई आलं तरी ऐकणारा बरोबर ऐकते.

निघताना पेरमा गाडीपर्यंत आला होता. आईच्या मांडीवरच्या थर्मासकडं पाहून त्यानं हात जोडले अन् त्याच्याशीच काहीतरी बोलला. आता तर त्याले माहीत होतं का आत काय आहे. मी जुरीबाईले विचारलं, काय म्हणे?

"म्हणे, रस्ता मालूम झाला ना आता. येत जा."