चिठ्ठी अजून उघडलेली नाही

खोडाळ्याच्या बाजारपेठेत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखा, रेडिओ, टीव्ही, काहीही आणा. लोक आणतातही. परत न्यायला येतीलच असं मात्र नाही! फळीवर सात मिक्सर मालकांची वाट बघत बसलेत.

किश्श्यांचं तसंच आहे. जो येतो तो एक ठेवून जातो आणि न्यायला कोणी फिरकत नाही. मिक्सरला निदान फळी तरी लागते, किश्श्यांना माझी वही पुरते. दुकान बंद करण्याआधी रोज एक पान: पाऊस किती, लाईट कधी गेली, कधी आली, कोण काय बोललं. आणि शेवटची ओळ, शाल्मलीचं आज काय झालं.

बहुतेक दिवशी त्या ओळीत 'काही नाही' एवढंच लिहावं लागतं.

*

शाल्मली ही मालिकेतली बाई. सासऱ्यांनी मरताना तिला एक चिठ्ठी दिली. तिचे खरे आईवडील कोण, हे त्या चिठ्ठीत लिहिलंय. चिठ्ठी तिच्याच हातात आहे, तिला वाचता येतं, चष्माही नाही. तरी दीड वर्ष झालं, बाईनं पाकीट उघडलेलं नाही!

आदल्या रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा लागतो. तेव्हा माझ्या दुकानात ठरलेली माणसं येतात. पहिली खुर्ची गुरुजींची. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झालेत. पायरीवर पांडू, त्र्यंबकच्या लाईनीवर त्याची जीप असते.

"याला उत्कंठा म्हणतात," गुरुजी म्हणतात. "ती ताणावी लागते."

"गुरुजी, वर्गात निकाल पण असाच वाटायचात काय?" पांडू विचारतो.

पांडूचा स्वतःचा हिशोब वेगळा. एकदा चार वाजता शाल्मली जिना उतरायला लागली आणि त्याची जीप भरली. तो त्र्यंबकला गेला, तिकडेच मुक्काम केला, सकाळी दोन फेऱ्या मारल्या, पंक्चर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी चारला परत आला.

बाई चौथ्या पायरीवर होती.

"मी घाट दोनदा चढलो रे," पांडू म्हणाला, "हिला एक जिना उतरवंना!"

*

बाजारच्या दिवशी यात सोमीबाईची भर पडते. सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरून ती रानभाजी, नागली, कधी करवंदं घेऊन येते. तिची मुलगी मनीषा आश्रमशाळेत बारावीला होती, आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. पाड्यावर पावसात कागद टिकत नाहीत, म्हणून मनीषाची सगळी फाईल माझ्या कपाटात. पत्ताही माझ्या दुकानाचाच दिलेला. नंबर लागला तर मनीषा शिकणार, नाही लागला तर दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर. मध्ये तिसरं काही नव्हतं.

सोमीला शाल्मली चालत नाही. तिची आवडती मालिका डॉक्टरची. तीही चारलाच, दुसऱ्या चॅनलवर. पेशंट येतो, तपासतात, कापतात, शिवतात, पेशंट घरी. दुसऱ्या दिवशी नवा पेशंट.

"मी बाजाराला एकदा येतां," सोमी म्हणाली. "बाजारात चालू झाला तो बाजारातच संपला पायजे."

म्हणून मी नियम केला. बाजारच्या दिवशी रिमोट सोमीकडे. जाहिराती लागल्या की गुरुजींनी दोन मिनिटं शाल्मली बघावी. त्या दोन-दोन मिनिटांत, आठवड्यातून एकदाच, सोमीला शाल्मलीची सगळी गोष्ट समजते. रोज बघणाऱ्या गुरुजींना तिच्यापेक्षा जास्त काहीही माहीत नाही!

गुरुजींनी एकदा तिला मोठ्या कथेचं महत्त्व पटवायचा प्रयत्न केला. पात्रांची वाढ, नात्यांची गुंतागुंत, वगैरे. सोमीनं सगळं ऐकून घेतलं.

"गुरुजी, आमचा सोंगांचा बोहाडा बघलाव ना? सोंग आला, नाचला, गेला. मग दुसरा सोंग. पयला सोंग परत रडत येत नाय!"

गुरुजींनी त्या दिवशी चहा अर्धाच प्यायला.

*

सोमीची बाजूही एकदा उघडी पडली, हे लिहिलं पाहिजे. वही एकाच बाजूची ठेवून चालत नाही.

डॉक्टरच्या मालिकेत म्हाताऱ्याचं पोट उघडलं होतं आणि लाईट गेली. दोन तास आली नाही. सोमीची शेवटची जीप निघायला लागली, तशी सोमीही गेली. पुढच्या बाजाराला आली ती पहिला प्रश्न घेऊनच.

"त्या डोकऱ्याचा काय झाला?"

कोणालाच माहीत नव्हतं. त्या मालिकेत कालच्या पेशंटचं कोणी नाव काढत नाही. गुरुजी खुर्चीत सरसावले. "बघ! हा तुझा एका भागाचा तोटा. आमच्याकडे निदान उद्या असतो."

टीव्हीवर तोच डॉक्टर नव्या पेशंटला तपासत होता. सोमीनं त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"वाचला तो डोकरा," ती म्हणाली. "मेला असता तर हा एवढा हसला असता काय?"



*

मागच्या दिवाळीनंतर सोमी आणि तिचा नवरा भिवंडीकडे भट्टीवर गेले. मनीषा परीक्षेसाठी होस्टेलवर राहिली. निघताना सोमीनं मला दोन कामं सांगितली. "पोरीचा कागद आला तर कळवा. आन् त्या बयेनं चिठ्ठी उघडली तर लिवून ठेवा."

"तुला ती मालिका आवडत नाही ना?"

"आवडत नाय. पन उघडंल ना कवा तरी!"

होळीला माणसं परत आली. साडेतीन महिने विटा वाहिलेली सोमी दुकानात आली, पाणी प्यायली, आणि विचारलं, "उघडली?"

मी वही उघडली. तारखेप्रमाणे वाचून दाखवलं. मार्गशीर्षात चिठ्ठी कपाटात ठेवली. पौषात कपाटाची चावी हरवली. माघात चावी सापडली. परवा चिठ्ठी परत हातात आली.

सोमीनं वहीच्या पानावर बोट ठेवलं. "म्हंजी मी गेली तवा जिथं होती, तिथंच?"

"तिथंच."

"मंग माझा तरी काय बुडला?"

*

उन्हाळ्यात गुरुजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस टीव्ही बंद ठेवायला सांगितलं. गुरुजींची हालत बघवेना. रोज संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन त्या दिवसाचं पान वाचून दाखवायचो.

एका दिवशी दुकानात काम तुंबलं, शाल्मली बघायची राहिली. रिकाम्या हातानं कसं जायचं? मागच्या वर्षीची वही काढली आणि त्याच तारखेचं पान वाचलं.

गुरुजी काळा चष्मा लावून शांतपणे ऐकत होते. पान संपलं. त्यांनी मान हलवली.

"आज कथेला वेग आला!"

मी पुढचे पाच दिवस मागच्या वर्षीचीच वही नेली.

*

गणपती झाले आणि मनीषाच्या नावानं नाशिकच्या नर्सिंग कॉलेजचं पाकीट आलं. पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुसऱ्या दिवशी बाजार होता. पाड्यावर फोनला रेंज नाही, आणि दुसऱ्याचं पाकीट मी फोडत नाही.

सकाळी नऊला सोमी आली. डोक्यावर कर्टोल्यांची पाटी, मागे मनीषा. पांडूची जीप समोर भरत होती. मी पाकीट पुढे केलं, पण मध्येच गुरुजींनी घेतलं. सवय! त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, शिक्का वाचला, चष्मा काढून पुसला.

"म्युझिक लावू काय?" पांडूनं जीपमधून विचारलं.

मनीषाचा चेहरा पांढरा पडला होता. सोमीनं पाटी खाली टाकली, गुरुजींच्या हातून पाकीट ओढलं, टर्रकन फाडलं आणि कागद पोरीच्या हातात दिला. "वाच. एका दमात."

मनीषानं वाचलं. "प्रतीक्षा यादी. क्रमांक चार. जागा रिकामी झाल्यास कळवण्यात येईल." मग खालची बारीक अक्षरं. प्रवेशाची शेवटची तारीख आजचीच होती.

"हरकत नाही," गुरुजी म्हणाले. "वाट बघू. कळवतील."

सोमीनं कागद उलटून मागची बाजू बघितली. "म्हंजी हा बी चालूच?"

मग ती माझ्याकडे वळली. "दादा, फाईल काढा. पांडू, जीप चालू कर."

"अजून चार शीटं बाकी हायत, सोमे..."

"चालू कर बोलली ना!"

पांडूनं आजवर न भरता जीप हलवलेली मी पाहिलेली नाही. त्या दिवशी हलवली. वहीत वेळ लिहिली आहे: नऊ वाजून बारा मिनिटं. त्र्यंबकवरून पुढे नाशिकची बस.

पाटी माझ्या दारातच राहिली. कर्टोली विकायला गुरुजी बसले. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते कर्टोल्याची सगळी माहिती आधी देत, भाव मागाहून सांगत. तीन गिऱ्हाइकं मधूनच उठून गेली! चारला टीव्ही लावला. शाल्मली काय करत होती ते आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. सारखे रस्त्याकडे बघत होतो.

पावणेसहाला पांडूची जीप आली. सोमी उतरली. एकटीच.

गुरुजी उठून उभे राहिले. "सोमे, आधी बस. पाणी पी. मग सावकाश, सुरुवातीपासून..."

"सुरुवात कसली? संपला," सोमी म्हणाली. "एक जागा सुटली. वरल्या तिघींनी दुसरीकडं नाव घातला. आमची समोर उभी होती, तिला घेतली. होस्टेलात खाट नंबर अकरा. खिडकीकडची."

गुरुजी खाली बसले. डोळ्यात औषध घालायची वेळ झाली असं काहीतरी पुटपुटत त्यांनी रुमाल काढला. पांडूनं उगाच जीपची काच पुसायला घेतली.

सोमीनं पाटीत हात घालून बघितलं. "एवढी उरली? गुरुजी, दिवसभर काय केलाव?" उरलेली कर्टोली तिनं माझ्या टेबलावर ओतली, पाटी काखेत मारली. जीपकडे दोन पावलं गेली आणि थांबली.

"दादा, तिनं आज चिठ्ठी उघडली?"

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी रुमाल खाली घेतला.

"पाकिटावरची धूळ पुसली," ते म्हणाले.