गाडीभर साधेपणा

एका माणसाच्या घरात मी त्याला न विचारता राहायला गेले होते. रस्ता चुकून नव्हे, चांगली चादरी-उशांसकट, महिनाभराच्या बेताने. आणि तिथे त्याच्याच खिडकीत बसून वहीत लिहीत होते, की माणसाला जगायला फार काही लागत नाही. ज्याच्या खिडकीत बसले होते त्याला काय लागतं, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

हे सगळं वर आलं ते नातीमुळे. परवा तिने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा थंड देशातलं जोडपं, चाकांवरचं लाकडी घर, जिन्याच्या प्रत्येक पायरीत कप्पा. "आजी, टायनी हाउस! म्हणजे ना, कमी थिंग्ज घेऊन साधं राहायचं. तू राहशील?"

"राहिलेय," मी म्हटलं.

"चार दिवस," आमचे हे सोफ्यावरून म्हणाले. "आणि कुणाच्या घरात, तेही सांग तिला."

सांगायला लागले तर नात दुसऱ्या मिनिटाला दुसऱ्या व्हिडिओवर गेली. म्हणून लिहून काढते.

तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायला पुरेसं वय होतं, पण माझी वाटेत कुठेतरी अडकली होती. आम्ही तेव्हा ओमानला असायचो. मुलगा पुण्याला शिकायला गेलेला, अल् खुवैर भागातल्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं आणि चौदा कपाटं. वेळ जात नव्हता. आमच्या मराठी बायकांचा एक वाचनकट्टा होता, त्यात मी एका शुक्रवारी भाषण दिलं. विषय होता अतींद्रियवाद. जुन्या काळच्या अमेरिकेतली काही माणसं म्हणत की देव आणि सत्य पोथीत, सभेत नसतं. ते झाडापानांत आणि आपल्या आतल्या आवाजात असतं, आणि तो आवाज ऐकू यायचा तर आधी घरातली अडगळ कमी करावी. हे मी झुंबराखाली उभी राहून, जरीच्या साडीत सांगितलं. समोर टेबलावर नऊ पदार्थ होते. दहावा गरम व्हायचा होता.

"हे अतींद्रिय म्हणजे काय?" ह्यांनी आदल्या दिवशी विचारलं होतं. "इंद्रियं जास्त झाली असं?"

"इंद्रियांच्या पलीकडचं."

"मग नऊ पदार्थ कशाला?"

भाषण छान झालं. वाईट एवढंच झालं की शेवटी एक जण म्हणाली, "बोलायला सोपं आहे गं. तू दाखव बरं राहून." टाळ्या वाजल्या. अशा टाळ्यांवर त्या काळी मी काहीही करायची.

शहराबाहेर, समुद्राकाठच्या बरक्याला एका शेतावरून आम्ही लिंबं आणि भाजी आणायचो. शेताचा मालक म्हणजे अर्बाब, एक वयस्कर ओमानी गृहस्थ. बोलायला गोड, हिंदी मोडकं पण अडणारं नाही. त्याच्या खजुराच्या झाडांमागे एक पोर्टा केबिन होती. आपल्याकडे बांधकामावर इंजिनिअरसाठी ठेवतात ना, तसली पत्र्याची खोली. वीस फूट लांब, दहा फूट रुंद. एक खिडकी, एक एसी, पाठीमागे मोरी. पुढे लसूणघासाचा हिरवागार तुकडा, आणि वारा योग्य दिशेचा असला तर समुद्राचा वास. अयोग्य दिशेचा असला तर बकऱ्यांचा. मला ती खोली बघताक्षणी आतला आवाज ऐकू आला.

"अर्बाब, ये फादी है?" मी विचारलं. फादी म्हणजे रिकामी. "हमको एक महिना रहने का है. सादा. सिंपल."

त्याने केबिनकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे. डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाला, "इन्शाल्ला."

"थँक यू!" मी म्हटलं.

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "अगं, तो नाही म्हणाला."

"इन्शाल्ला म्हणाला. देवाची इच्छा असेल तर."

"वीस वर्षं झाली आपल्याला इथे. एसीवाला 'उद्या येतो, इन्शाल्ला' म्हणतो तेव्हा तू उद्या दार उघडून बसतेस का?"

"तो एसीवाला. हा सभ्य माणूस आहे."

"म्हणूनच तर तोंडावर नाही म्हणाला नाही."

पण ज्याला आतला आवाज ऐकू येतो त्याला नवऱ्याचा येत नाही.

पुढच्या शुक्रवारी आम्ही सामान घेऊन हजर. साधेपणासाठी काय काय लागतं याची मी यादीच केली होती: मिक्सर, दोन वेताच्या खुर्च्या, तांब्याचा हंडा (प्लॅस्टिक नको म्हणून), पाण्याचा फिल्टर, योगाची चटई, आठवडाभराची चकली, आणि कमी वस्तूंत कसं राहावं याविषयीची अकरा पुस्तकं. गाडी मागून बसली. "उरलेला साधेपणा दुसऱ्या फेरीत आणू," हे म्हणाले. आणि आणला. स्वतः मात्र संध्याकाळी फ्लॅटवर परत गेले. "मी सुट्टीच्या दिवशी साधा होईन," म्हणाले.

शेतावर आपल्याच कोकणातला एक माणूस कामाला होता. सिंधुदुर्गाकडचा, चाळिशी उलटलेला. पंप, वायरिंग, झाडांचं पाणी, सगळं तोच बघायचा. आम्ही पोचलो तेव्हा तो केबिनमधून एक पत्र्याची पेटी आणि गुंडाळलेली गादी बाहेर काढत होता. मला वाटलं, साफसफाई चाललीय.

"वा, किती स्वच्छ केलंस रे!"

"होय, काकी," तो म्हणाला. "पाण्याचो नळ उजवीकडे फिरवा. डावीकडे फिरवलात तर हातात येता."

"आणि तू कुठे असतोस?"

"मी हयच. पंपाकडे."

आत खिडकीला नवाकोरा पडदा होता, पोपटांचा. दारामागे आरसा, पण इतका खाली की मला त्यात हनुवटीच दिसायची. बाहेर पायरीशी रंगाच्या रिकाम्या डब्यात तुळस. वहीच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं: "अभावातही सौंदर्यदृष्टी. एका अनामिक श्रमिकाने लावलेली तुळस." अनामिक! तो दहा पावलांवर पंपाला तेल घालत होता. नाव विचारलं असतं तर सांगितलं असतं त्याने.

स्वावलंबनाच्या पहिल्या दिवशी मी त्याला सात हाका मारल्या. गॅसचा रेग्युलेटर बसेना, फ्यूज उडाला (मिक्सर आणि एसी एकदम लावू नये हे अतींद्रियवादात सांगितलेलं नाही), टाकीचं पाणी आलं नाही, मग आलं ते थांबेना, आणि एकदा एक बकरी आत येऊन चटईवर बसली. माझ्यापेक्षा तिला योग चांगला जमला. तो प्रत्येक वेळी यायचा, करायचा, "आणि काय, काकी?" विचारून जायचा. रोज सकाळी दाराशी गरम पाण्याची बादली. मी लिहिलं: "निसर्गाच्या सान्निध्यात गरजा आपोआप भागतात."

चौथा दिवस सोमवार. दुपारी मी जेवून पडले होते. पोर्टा केबिनच्या भिंती काय, जाड पुठ्ठ्याच्याच म्हणा. भिंतीपलीकडे सावलीत तो फोनवर बोलत होता. व्हिडिओ कॉल असावा, कारण बाईचा आवाज मला जितका ऐकू येत होता तितका त्यालाही.

"दाखवा मरे जरा! पडदो लायलास की नाय?"

"लायलंय. पोपटांचोच लायलंय."

"मगे दाखवा. तीन दिस झाले, आज नको, उद्या बघ, ह्याच चललाहा. आरसो खंय लायलास? माझ्या मापाचो?"

"तुझ्याच मापाचो. पण आता नको. रंग लायलंय आत. ओलो आसा."

"कितको रंग तो! बेस्तवारी मी विमानात बसतलंय, तोवर तरी सुकतलो मा?"

"सुकतलो."

"खरा सांगा. व्हिसाचा काय घोटाळो झालो काय? माका येवक मिळताला ना?"

"मिळताला गो. तू ये."

मी उठून बसले. समोर पोपट. डोळे मिचकावत नव्हते, पण मला तसं वाटलं. आरशात हनुवटी. उठून मागच्या बाजूला गेले, तिथून पंपाच्या खोलीचं दार दिसतं. तोवर मी ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. मोटर, पाइप, ऑइलचे डबे, आणि मोटरीला चिकटून ती गुंडाळलेली गादी. पेटीवर एक नवं बांगड्यांचं खोकं, वर कागद घालून धुळीपासून जपलेलं.

त्याने मला पाहिलं आणि फोन खाली केला.

"अरे, ते तुझं घर आहे?"

"तसा काय नाय, काकी. घर अर्बाबाचा."

"तू राहतोस ना तिथे?"

"अकरा वर्षां."

"आणि बायको येतेय गुरुवारी?"

तो हसला. लाजून. "पयल्यांदाच. दोन म्हयन्यांचो व्हिसा गावलो. अर्बाबान सही केल्यान."

"मग मला का नाही सांगितलंस? चार दिवस मी तुझ्या घरात..."

"तुमी वहीत लिवत होतात," तो म्हणाला. "म्हटला, काय तरी महत्त्वाचा आसतला."

आयुष्यात माझ्या लिखाणावर खूप जण बोलले. इतकं लागेलसं कुणी नाही.

मी ह्यांना ऑफिसात फोन लावला. म्हटलं, निघताना एक पिकअप घेऊन या.

"साधेपणा?"

"खलास."

"मी दोन दिवस धरले होते," हे म्हणाले. "चांगली टिकलीस."

पिकअप भरत होतो तेव्हा अर्बाब आला. मी त्याच्यावर थोडी चिडलेच होते. स्वतःवर चिडायचं नसलं की दुसरा कुणीतरी लागतो. म्हटलं, "अर्बाब, आपने बोला क्यूं नहीं, इधर आदमी रहता है?"

"बोला ना," तो अगदी साळसूदपणे म्हणाला. "इन्शाल्ला बोला."

"तो हमको क्या मालूम!"

"साहब को मालूम था," त्याने ह्यांच्याकडे बोट दाखवलं. हे हंडा उचलण्यात फारच गुंग झाले. "तुम सामान लेके आया. मेहमान आ गया तो मैं क्या करेगा? भगाएगा? मैं इसको बोला, थोडा सबर कर, मदाम दो दिन में जाएगा. तुम चार दिन रहा. मैं भी डर गया."

त्याच्या मागे उभा असलेला आमचा कोकणी माणूस जमिनीकडे बघत होता. खांदे हलत होते. रडत नव्हता.

गुरुवारपर्यंत मी रोज बरक्याला गेले. एकदा खोली पुसायला, एकदा खरंच रंग द्यायला. त्याने बायकोला रंग सांगितला होता, आता भिंती जुन्या दिसून चालणार नव्हतं. आकाशी रंग ह्यांनी निवडला, मी ब्रश घेतला, तो म्हणाला, "काकी, तुमी खुर्चीत बसा, तसा लवकर होता." बसले. पोपट काढून, धुऊन, इस्त्री करून परत लावले. तुळशीला पाणी घातलं. वही घरी ठेवली होती.

तिचं विमान उतरलं. आम्ही मुद्दाम गेलो नाही. पहिला दिवस त्यांचा.

दुसऱ्या आठवड्यात आम्हाला जेवायला बोलावणं आलं. त्या वीस बाय दहात चौघं जण मांडी घालून बसलो. एकाने पाणी मागितलं की चौघांनी सरकायचं. ती बुटकी, तुरतुरीत, हिरव्या बांगड्या भरलेली. सुरमईचं सार आणि तांदळाची भाकरी. ताटं तीनच होती. नवराबायको एका ताटात जेवली, आणि ती त्याला वाढता वाढता मध्येच हसत होती. कशाला ते तिलाच ठाऊक. मी प्रायश्चित्त म्हणून वेताच्या खुर्च्या, मिक्सर आणि हंडा घेऊन गेले होते. तिने सगळं नीट पाहिलं, हंड्यावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि सगळं परत दारापाशी आणून ठेवलं. "ठेवचा खंय, काकी? मगे आमी भायर बसाचा काय?"

मला भलताच पुळका आला. म्हटलं, "अगं, या एवढ्याशा खोलीत दोन महिने काढणार तू. मला चार दिवसांत कळलं, केवढं अवघड असतं ते. काही लागलं तर..."

तिने भाकरी माझ्या ताटात टाकली, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली,

"काकी, तुमका साधा रवाचाच आसात, तर आमच्या गावच्या घरात जावन रवा. थय पाच खणांचा घर आसा, अकरा वर्षां मी एकटीच रवलंय त्यात, चावी शेजारणीकडे आसा. माका मात्र हयच रवांदे."