एक हिसका जादा

बाळासो म्हणजे उद्यमनगरच्या कारखान्यांतला पक्का फिटर. तीस वर्षं पाने फिरवले आणि आता इंजिनिअरिंग कॉलेजात, किती ताण सोसतात ते बघायला वस्तू ओढून तोडायचं मशीन सांभाळत होता. स्क्रू कितीही घट्ट बसू दे, गड्याचं समाधान नाही. वर एक हिसका जादा द्यायचाच. उद्यमनगरात सगळेच देतात. लोखंड काय तक्रार करतंय!

पण आज तो दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर येरझाऱ्या घालत होता. बायको, शालूबाई, आत टेबलावर होती. हाडं ठिसूळ, मणका सरकलेला. स्क्रू घालून आधार द्यायचा होता. तो निसटला तर? पाय कायमचे गेले तर?

डॉक्टर संयोगिता मॅडम आत जाताजाता थांबल्या. सहा महिने त्यांनी बाळासोच्याच मशीनवर मेंढ्यांचे मणके तपासले होते. बघायचं एवढंच होतं: स्क्रू नेहमीसारखा सरळ घातलेला जास्त टिकतो, की कडक हाडातून तिरपा घातलेला?

"घाबरू नका. सरळच घालतेय. तिरपे तर तुमच्या मशीननं पटापट उपसून काढले की!"

बाळासोला बरं वाटलं, पण क्षणभरच. मग त्याला आठवलं. सरळ स्क्रू मॅडमनी स्वतः बसवले होते. तिरपे त्याच्यावर सोपवले होते, आणि त्यानं प्रत्येकाला हिसका दिला होता. अरे देवा! हाड म्हणजे लोखंड न्हवं. स्क्रूनं हाडात पाडलेल्या आट्यांचा भुगाच झाला असणार.

गप्प बसलं तर नोकरी वाचत होती. पण पाठ शालूची होती.

"मॅडम, थांबा!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की नर्स धावत आली. "तिरपे म्या जादा आवळलेत. ती तपासणी खोटी हाय."

"किती?"

"सगळे."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "मग कुठला टिकतो, ते मलाच माहीत नाही. पुन्हा तपासल्याशिवाय मी त्यांच्या पाठीला हात लावणार नाही."

शालूबाईला तशीच बाहेर आणली. डोक्यावर हिरवी टोपी, डोळे भेदरलेले.

"झालं व्हय ओ?"

"न्हाय. माझी चूक झाली, शालू. परत यायला लागतंय."

तिनं डोक्यावरची टोपी ओढून काढली.

"आठवडाभर जीव मुठीत धरून काढला. आता ते सगळं परत भ्यायचं व्हय?"