फ्लेक्समध्ये झाडलेले रोडगे

मला शेणाची किळस येत नाही. उंदराची येते, पण थोडी. अंगभर किळस येते ती फ्लेक्सवर हात जोडून उभ्या असलेल्या माणसाची. पांढरा शर्ट, संगणकानं गोरे केलेले गाल, कपाळाला लांब टिळा आणि पाठीमागे विनाकारण एक वाघ. खरं सांगायचं तर या किळसेची मला हौस आहे. ती मनसोक्त भागावी म्हणून दर हिवाळ्यात मी अमरावतीहून माहेरी जाते.

माहेर म्हणजे बडनेरा आणि अकोला यांच्यामधलं एक लहान गाव. शहर म्हणावं तर लाज वाटते आणि खेडं म्हणावं तर गावाला राग येतो. पौषात नदीकाठच्या मारुतीपाशी जत्रा भरते आणि शेवटच्या दिवशी अख्खं गाव नदीच्या रेतीत बसून रोडगे खातं. जाड्याभरड्या कणकेचे, आत तेलाचे पदर दिलेले मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे. बाहेर निघतात तेव्हा ते राखेनं माखलेले असतात. मग दोघांनी तागाचं पोतं दोन टोकांना धरून त्यात ते घोळवायचे. राख झडते, वरचं कवच तांबूस चकाकायला लागतं, आणि त्यावर तूप, वरण, वांग्याची भाजी. या घोळवण्याला रोडगे झाडणं म्हणतात आणि ते काम पुरुषांचं. बायका कणीक मळतात, गोळे वळतात, भाजतात, भाजी करतात, वाढतात. पुरुष झाडतात, आणि पुढे वर्षभर पारावर सांगतात की यंदा रोडगे आपण केले.

माझ्या लहानपणी जत्रेला मदत करायची म्हणजे घरटी कणीक, वांगी, टोपलीभर गोवऱ्या आणि एक पोतं द्यायचं. आता गावात मदत करणारे मायंदाळ झालेत आणि प्रत्येक जण एकच वस्तू देतो. स्वतःच्या चेहऱ्याचा फ्लेक्स.

या चेहऱ्यांचे सरदार म्हणजे आमच्या गावचे भाऊ. सगळ्या तालुक्याचे भाऊ. सख्ख्या भावाशी बोलत नाहीत, ते सोडा. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांनी जत्रेची सभा घेतली आणि जाहीर केलं की रोडगे हे मागासलेपणाचं लक्षण आहे. यंदा अमरावतीचा केटरर आणू. पनीर, जिलेबी, उभ्यानं जेवण. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, जत्रा समितीचा सचिव आहे. त्यानं लगेच मान हलवली. भाऊ शिंकले तरी दादा मान हलवतो.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं माझी वहिनी उठली. ती सभेत कधी बोललेली नव्हती. घरातसुद्धा ती दादाशी मुख्यतः ताटाच्या आवाजातून बोलते.

"मंग नदीवर काय फक्त तुमचं भाषण भाजाचं काय, भाऊ?"

हसू पसरायच्या आत भाऊंनी तो टोमणा गिळला. "वहिनी, बोलणं सोपं हाये. गोवऱ्या कोण देईल? राबंल कोण?"

"आमी बचत गटाच्या बाया करतो सगळं."

"बरं! करा या साली. पण काही गडबड झाली तं पुढच्या सालापासून केटरर, कायमचा. मंजूर?"

"मंजूर," वहिनी म्हणाली आणि खाली बसली. दादाचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, हे मला शेजारच्या तीन घरांनी फोन करून वेगवेगळं सांगितलं.

मार्गशीर्षात दर रविवारी मी माहेरी जायला लागले. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, पण वहिनीला पुस्तकं नको होती, माणूस हवं होतं. आम्ही दोघी घरोघर फिरलो. एकाच्या अंगणात ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि नवीकोरी गाडी. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "वहिनी, आमचा पूर्ण पाठिंबा हाये तुमाले."

"पाठिंबा पेटत नाही, भाऊजी. गोवऱ्या द्या."

"आजकाल त्या मोबाइलवर मागवता येतात ना! घरपोच."

पुढच्या घरी ढोरं दारातच बांधलेली होती. घरधनी म्हणाला, "आमी फ्लेक्स देऊन राहिलो ना बाप्पा. भाऊंच्या शेजारी आमचा फोटो येणार हाये." त्याच्या मागे म्हशीनं शेणाचा ताजा, वाफाळता पो टाकला. मला ती म्हैस त्या घरातला सर्वात उदार जीव वाटली. वहिनीनं पदर खोचला, पो उचलून टोपलीत घेतला आणि निघाली. घरधन्यानं त्यालाही पाठिंबा दिला.

शेवटी गटातल्या बायांनी आणि आम्ही मिळून वहिनीच्या मागच्या भिंतीवर स्वतःच गोवऱ्या थापल्या. परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा बडनेऱ्यापर्यंत रिकामी राहायची. इतका ऐसपैस प्रवास मी आयुष्यात केला नाही.

पोत्यांचं आणखी अवघड होतं. सोयाबीन, तूर, सगळं आता प्लास्टिकच्या थैल्यांत जातं. तागाची पोती कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या खाटेखाली सापडली. एकात मांजर व्यालेली होती. तिची समजूत घालून, पिल्लांना गोधडी देऊन ते पोतं घेतलं. सगळी धुतली, उन्हात वाळवली, घड्या घालून जत्रेच्या शेवटच्या दिवशी पहाटे नदीवर नेऊन ठेवली.

त्या सकाळी मी नदीवर पोचले आणि माझ्या हौसेचं सोनं झालं. मारुतीचं देऊळ दिसेनासं झालं होतं. चारही बाजूंनी नुसते फ्लेक्स. पूर्वेला भाऊंचा सर्वांत मोठा, बांबूच्या परांचीवर उभा केलेला, त्यामुळे उगवलेलं ऊन त्यांच्या पाठीवर पडत होतं आणि म्हातारी माणसं त्यांच्या सावलीत कुडकुडत होती. थंडीच्या जत्रेला येऊन लोकांना थंडी पुरवणारा दानशूर मी पहिल्यांदाच पाहिला. एका फ्लेक्सवर एक इसम मोबाइल कानाला लावून हसत होता. जत्रेला शुभेच्छा देताना तो कोणाशी बोलत होता, देव जाणे.

बायांनी अंधारातच गोवऱ्या पेटवल्या होत्या. निखारे झाले, रोडगे पुरले, आणि भाजीच्या कढईला हात लावायला सगळ्या पलीकडे गेल्या. रीतीप्रमाणे झाडायला पुरुष आले. पहिला घाणा बाहेर निघाला आणि लक्षात आलं की पोती जागेवर नाहीत.

पोती भाऊंच्या भाषणाच्या मंचापाशी गेली होती. मंचापुढच्या रेतीत भाऊंनी पाहुण्यांसाठी सोफे मांडले होते. पाहुणे तालेवार, रेती भुसभुशीत. सोफ्यांचे पाय रुतायला लागले तशी समितीनं आमची धुतलेली पोती उचलून सोफ्यांखाली घातली होती.

आता गरम रोडगे समोर पडलेले. दादानं इकडेतिकडे पाहिलं, पाहुण्यांना उठवायची त्याची छाती झाली नाही, आणि त्यानं सचिवाला शोभेल असा तोडगा काढला. भाऊंचा मोठा फ्लेक्स खाली उतरवून चौघांना चार कोपरे धरायला लावले आणि रोडगे त्यात ओतले.

मी कढईपाशी वांगी हलवत होते. आधी वास आला. जळक्या चपलेचा, ओल्या रंगाचा, आणि त्यात खरपूस कणकेचा. हा शेवटचा भाग सगळ्यांत वाईट होता, कारण नाक फसायचं, तोंडाला पाणी सुटायचं आणि मागून मळमळ यायची. मी आणि वहिनी धावलो. फ्लेक्सला भोकं पडली होती, कडा आक्रसून वळल्या होत्या आणि भाऊ रोडग्यांवर उतरले होते. एका रोडग्यावर अर्धी मिशी. एकावर गुलाबी गालाचा तुकडा, सायीसारखा सुरकुतलेला. एका रोडग्यावरून एक डोळा माझ्याकडे आदरपूर्वक पाहत होता. चौघे जण अजून मन लावून झाडतच होते.

"थांबा!" वहिनी ओरडली. "हे काय करून राहिले तुमी?"

"पोते नवते, मंग काय करू?" दादा म्हणाला. त्यानं एक रोडगा उचलला, नखानं भाऊंचा गाल खरवडला आणि आवाज खाली आणला. "वरचं साल काढू. आत कोणाले समजते?"

"लेकरायच्या पोटात घालता हे?"

"अवं हळू बोल! भाऊनं ऐकलं तं गेले तुये रोडगे. कायमचे. तूच मंजूर म्हणली होती." तो खरोखर कळवळून सांगत होता. "चुपचाप वाढू. वरण टाकलं का काही दिसत नाही."

वहिनी त्या ढिगाकडे पाहत राहिली. कणीक तिनं स्वतः मळली होती. तिच्या मनगटांना आदल्या दिवसापासून फडकी बांधलेली होती. तिनं दादाच्या हातातला रोडगा घेतला, वास घेतला, ढिगात परत टाकला आणि मंचाकडे चालायला लागली. मी तिच्या मागे. हे चुकवणं माझ्याच्यानं शक्य नव्हतं.

मंचावर भाऊ या मातीशी आपलं नातं किती जुनं आहे ते सांगत होते. वहिनी सरळ पहिल्या सोफ्यापाशी गेली.

"उठा बरं."

"काहून?" पाहुण्यांनी विचारलं.

"तुमच्या खालचं पोतं पाह्यजे."

"वहिनी, पाहुणे हायेत ते!" भाऊ माइकवरच म्हणाले.

"असू द्या ना. तुमच्या केटररकडे उभ्यानंच जेवणार होते. सवय होऊ द्या."

पाहुणे उठले. वहिनीनं पोती ओढून काढली, माझ्या हातात दिली आणि भाऊंच्या हातातला माइक घेतला. तिचा आवाज थरथरत होता. माइक फार जवळ धरल्यामुळे तो नदीपलीकडेही थरथरला असेल.

"पहिला घाणा प्लास्टिकमधी झाडल्या गेला. तो कोणालेच भेटणार नाही. आता दुसरा निघंल, त्यातला अर्धा अर्धा येईल. ज्याले पोटभर पाह्यजे, त्यानं घरी जाऊन जेवा."

यानंतर गावानं जे केलं त्याची मला फ्लेक्सपेक्षा जास्त किळस आली. एकानं ओरडून विचारलं, "साल काढून द्या ना, आमाले चालते!" दुसरा अर्धी मिशी असलेला रोडगा हातात धरून स्वतःचा फोटो काढत होता. आणि भाऊ? त्यांना लेकरांच्या पोटाची नाही, जेवणाचीही नाही, फक्त एकच चिंता होती. "माया फोटो जाळला? पाहुण्यायसमोर?" ते दादाला विचारत होते, आणि दादा मान हलवत होता.

दुसरा घाणा पोत्यांत झाडला गेला. पंगत बसली. अर्धा अर्धा रोडगा, वरण भरपूर, भाजी जाळ. भाऊंचा फ्लेक्स उतरल्यामुळे नदीवरून वारा थेट यायला लागला होता आणि कागदी पत्रावळी उडत होत्या. भाऊंनी वेळ साधली. माइक घेऊन म्हणाले, "गावानंच पाह्यलं काय गडबड झाली ते. पुढच्या साली केटरर पाह्यजे त्यायनं हात वर करा!"

पंगतीत सगळ्यांचे उजवे हात मनगटापर्यंत वरणात, डाव्या हातांनी उडणारी पत्रावळ दाबून धरलेली. एका गृहस्थांनी, मला वाटतं, मनापासून प्रयत्न केला. त्यांची पत्रावळ शेजारच्या मांडीवर गेली आणि पुढे कोणी ते धाडस केलं नाही.

"एकबी हात नाही," वहिनी वाढता वाढता म्हणाली. "मंग चालू हाये तसंच."

भाऊ काही बोलणार होते, पण पाहुणे वाढणाऱ्या बाईला रोडगा अजून आहे का, असं विचारत होते.

जेवणं आटोपल्यावर वहिनीनं मला कुदळ दिली. पहिला घाणा पुरायचा होता. गावातली कुत्री वास घेऊन केव्हाच निघून गेली होती. आम्ही रेती सोडून काठावरच्या मातीत खड्डा खणला. जिंकल्याचा आनंद वहिनीच्या चेहऱ्यावर मला कुठे दिसला नाही. ती एकेक रोडगा खड्ड्यात ठेवत होती आणि दर वेळी तिचा ओठ वाकडा होत होता.

"एवढा गहू, ताई," ती म्हणाली. "एवढा गहू!"

दादा येऊन उभा राहिला. पाय बदलत म्हणाला, "पुढच्या साली मी आठवणीनं पोते राखून ठेवतो."

वहिनीनं खड्ड्यावर माती ओढली आणि पायानं दाबली.

"पुढच्या साली तुमी कणीक मळा," ती म्हणाली. "झाडायले आमी येतो."